मदत हवी आहे: शिरोलीतल्या मशीन शॉपसाठी बिझनेस कोच कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आमचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. इथल्याच फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतात, आम्ही त्यांचं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून देतो आणि माल बहुतेक पुण्याला जातो. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीन्स), काही जुनी कन्व्हेन्शनल मशीन्स, सगळी मिळून पंचवीसेक माणसं. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली होती. आता शॉप दादा बघतो. ऑफिस, हिशेब आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे.

काम भरपूर आहे. तरी उलाढाल गेली काही वर्षं जागची हललेली नाही आणि हातात उरणारे पैसे कमी होत चाललेत. रेट दादा अंदाजाने देतो. त्याचा अंदाज चांगला आहे, पण इन्क्वायरी आली की तो मोकळा होईपर्यंत कोटेशन निघत नाही आणि तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. कुठला इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लावायचा, कुणाला ओव्हरटाइम द्यायचा, टेम्पो कधी सोडायचा, सगळं त्याला विचारून. दोन सुपरवायझर ठेवून झाले, दोघेही सोडून गेले. दादा एखाद्या लग्नाला गेला तरी शॉपचा वेग निम्म्यावर येतो.

म्हणून कोच घ्यायचं ठरवलंय. वर्षाला दोन-अडीच लाख घालायची तयारी आहे. तीन जण समोर आहेत.

एक जण मोठं नाव असलेले. त्यांचं सेमिनार हॉटेलात होतं, मी गेले होते. वर्षभराचा कार्यक्रम, महिन्याला दोन ग्रूप सेशन आणि एक वैयक्तिक कॉल, सव्वादोन लाख अधिक जीएसटी, सगळे आगाऊ. त्याच दिवशी नाव नोंदवलं तर चाळीस हजार कमी. बोलतात फार प्रभावी. आमच्या धंद्याबद्दल त्यांनी एकच गोष्ट विचारली, उलाढाल किती.

दुसरे पुण्यातल्या एका कारखान्यातून प्लांट हेड म्हणून निवृत्त झालेले काका, मूळचे कागलचे. महिन्यातून दोन दिवस येतो म्हणतात, दिवसाचे आठ हजार. शॉपवर आले तेव्हा चहा नको म्हणाले आणि सरळ रिजेक्शनच्या लाल बिनकडे गेले. चार-पाच बुश उचलले, खिशातून चष्मा काढून बोअर (आतली भोकं) बघितले आणि विचारलं, "हे ओव्हरसाइज गेलेले सगळे एकाच शिफ्टचे आहेत का?" कुणालाच सांगता येईना. आमच्याकडे बिनमध्ये पीस टाकताना तारीख-शिफ्ट लिहायची पद्धतच नाही. दादाला काका आवडले, पण तासभर तो त्यांच्याशी वादही घालत होता.

तिसऱ्या एक ऑनलाइन कोच आहेत, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटवाल्या, तासाला पाच हजार. पहिला तास त्यांनी विनामूल्य दिला. त्या कमी बोलल्या, मलाच बोलतं केलं. दादाबद्दल जे मी घरात कधी बोलले नव्हते ते त्या तासात बोलून गेले. मशीनिंगमधलं आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

निवड कशावरून करावी? सर्टिफिकेटला किती महत्त्व द्यावं? करारात काय लिहून घ्यावं? आणि दादाचं मन पूर्ण तयार नसेल तर या सगळ्याचा उपयोग होतो का? ज्यांनी कोच घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भोसरीकर

ताई, आमचं प्रेस शॉप आहे, मी दोन वेगवेगळ्या कोचबरोबर काम केलंय. माझ्या मते निवडीतलं सगळ्यात उपयोगाचं काम म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना फोन करणं. कोच स्वतः जे नंबर देतो ते अर्थातच खूश असलेल्यांचे असतात. तेही लावा, पण शिवाय असे दोन नंबर मागा ज्यांनी वर्ष संपल्यावर पुढे चालू ठेवलं नाही. ज्याचं काम खरं आहे तो देतो.

फोनवर "कसा अनुभव?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. विचारा की त्यांच्या सांगण्यावरून सुरू केलेली कुठली गोष्ट आज, ते नसताना, तुमच्याकडे चालू आहे? समोरचा लगेच सांगू लागला, "सकाळची दहा मिनिटांची मीटिंग, रोजचा डिस्पॅच बोर्ड," तर पैसे कामी आले असं समजा. उलाढाल वाढली म्हणाला तर उधारी किती वाढली तेही विचारा. माझ्या ओळखीत एकाची विक्री खरंच दीडपट झाली, पण पैसे सगळे बाजारात अडकले आणि शेवटी सीसी लिमिट (बँकेची कर्जमर्यादा) वाढवून पगार करायची वेळ आली.

आगाऊ सगळे पैसे कुणालाच देऊ नका. फार तर तीन महिन्यांचे. आजच्या आज नोंदवा म्हणणाऱ्याला मी तरी नाहीच म्हणेन. वर्षभराचा निर्णय आहे, भाऊ-बहिणीने आठवडाभर बोलून घ्यायला हवा आणि ही साधी गोष्ट ज्याला मान्य नाही त्याच्या हातात आपला धंदा कशाला?

सातपूरकर

ग्रूपवाल्या कार्यक्रमांना सरसकट नाकारू नका असं मला वाटतं. मला उपयोग झाला तो कोचपेक्षा बाकीच्या मालकांचा. दर महिन्याला आपले आकडे आठ-दहा जणांसमोर मांडायचे म्हटल्यावर ते आधी काढावे लागतात, आणि काढले की अर्ध्या गोष्टी आपल्याच लक्षात येतात. मात्र ग्रूपमध्ये उत्पादन करणारे किती आहेत ते बघा. सलून, क्लासेस आणि रिअल इस्टेटवाल्यांमध्ये तुमच्या सेटिंग टाइमवर (मशीन पुढच्या कामासाठी लावायला जाणाऱ्या वेळेवर) कोण काय बोलणार? अशी मंडळी तुम्हाला स्मॅक किंवा गोशिमा या तुमच्याकडच्या उद्योजक संघटनांच्या ओळखीतून फी न भरताही जमवता येतील.

सह्यवेडी

मी स्वतः कोचिंग करते, म्हणून माझं मत त्या हिशेबाने वाचा. तुम्हाला काम मागण्यासाठी लिहीत नाहीये.

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. त्यामुळे सर्टिफिकेट बघणं योग्यच, पण ते काय सांगतं हे समजून घ्या. सगळ्यात परिचित आहे ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं. ही संस्था १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २,५००. नाव त्यांच्या संकेतस्थळावर टाकून खरंखोटं करता येतं. यावरून एवढं कळतं की या व्यक्तीने ऐकायचा आणि विचारायचा सराव केलाय आणि एक आचारसंहिता मान्य केली आहे. तिला कास्टिंगमधलं काही कळतं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

तुमचा धागा वाचून मला दोन वेगळी कामं दिसतात. रिजेक्शन, सेटिंग टाइम, रेट काढायची पद्धत, सुपरवायझरला नेमके कुठले अधिकार द्यायचे, हे ज्याने आयुष्यभर केलंय त्यानेच येऊन दाखवायला हवं. काका बिनकडे गेले यातच ते दिसतं. दुसरं काम तुमच्या दोघांमधलं आहे. दादांनी वर्षानुवर्षं शॉप स्वतःच्या अंगावर पेललंय. त्यातलं काही खाली ठेवायचं म्हणजे त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि ती त्यांना स्वतःला हवी असेल तरच होते. दोन सुपरवायझर का गेले, याचं दादांचं उत्तर काय आहे? तुमचं काय आहे? ही दोन उत्तरं एकमेकांसमोर बसून कधी बोललात का? नसाल, तर कोचचा पहिला खरा तास तिथे घालवा.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या, नंतर त्यावरूनच बिनसतं. फी तुमच्या ऑफिसातून जाणार, पण दादा कोचशी एकटे जे बोलतील ते तुम्हाला कळणार नाही. चांगला कोच हे सुरुवातीलाच दोघांना स्पष्ट सांगतो. "मी त्यांना आतून तुमच्या बाजूला वळवते" असं कुणी म्हणालं तर त्या व्यक्तीपासून लांब राहा.

खतावणी

मी हिशेबाच्या बाजूने लिहिते. हातात उरणारे पैसे कमी होतायत म्हणालात, ते नेमके कुठे जातायत हे कळायच्या आत कोच ठरवू नका. प्रत्येक मशीनचा तासाचा खर्च काढा: घसारा (मशीनची दरवर्षी घटणारी किंमत), कर्जाचं व्याज, वीज, ऑपरेटर, टूल, मेंटेनन्स, जागा, आणि भागायचं ते मशीन प्रत्यक्ष चालतं तेवढ्याच तासांनी. मग मोठ्या पाच पार्टचे सायकल टाइम (एक पीस व्हायला लागणारा वेळ) घेऊन दादांच्या रेटशी ताडून बघा. एखाद-दुसरा पार्ट तोट्यात निघण्याची शक्यता बरीच आहे, आणि बऱ्याचदा तोच पार्ट सगळ्यात जास्त संख्येने चाललेला असतो.

उधारीचं बघा. उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु गटात असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या पैशांची प्राप्तिकरातली वजावट गिऱ्हाइकाला पैसे देईपर्यंत मिळत नाही. पुण्याच्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला हे नम्रपणे आठवण करून दिलं तरी बऱ्याचदा काम होतं. याला कोच लागत नाही.

काकांचं जे काम आहे, त्या प्रकारच्या कामासाठी केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं, पण सल्लागार त्यांच्याकडचा लागतो. सध्या अर्ज घेतायत का आणि तुम्ही कुठल्या पातळीत बसता, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

कराराचं विचारलंत. किती दिवस, शॉपवर किती वेळ, फी कधी, आणि कुठल्याही बाजूने महिनाभराच्या नोटिशीवर थांबता येईल, एवढं हवंच. जीएसटीचं बिल मिळालं तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. फी वर्षाला ५०,००० च्या वर गेली की सहसा १० टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, तो आधीच बोलून ठेवा. आणि ड्रॉइंगबद्दल ठळक लिहा. ड्रॉइंग गिऱ्हाइकाची आहेत, त्यांचा फोटोसुद्धा बाहेर जाता कामा नये. तुमचे आकडे, शॉपचे व्हिडिओ कोचने स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे नाहीत हेही. कागद पक्का करा म्हणते कारण धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. वाद झालाच तर हातात करारच असतो.

एडिसनवासी

इथे अमेरिकेत स्कोर नावाची संस्था १९६४ पासून आहे. निवृत्त अधिकारी आणि उद्योजक छोट्या व्यावसायिकांना विनामूल्य मार्गदर्शन करतात. माझ्या किराणा दुकानाला तिथे भेटलेल्या आजोबांचा फार आधार मिळाला, आणि त्यांनी आयुष्यात किराणा विकला नव्हता. त्यामुळे काकांसारखी माणसं सोडू नका. फक्त मोठ्या कारखान्यात पाठीशी क्वालिटी, परचेस, मेंटेनन्स अशी वेगवेगळी खाती असतात. पंचवीस माणसांत काय जमेल हे त्यांना कळतंय का, ते पहिल्या दोन भेटींत ताडून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला पूर्ण धागा वाचायला दिला. सुपरवायझरबद्दलचा प्रश्न वाचून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दुसऱ्याला मी दोन महिन्यांत एकदाही एकट्याने सेटिंग करू दिलं नाही." माझं उत्तर वेगळं होतं, मला वाटत होतं पगार कमी पडला. ते दोन्ही बोलून झालं.

सेमिनारवाल्यांच्या ऑफिसकडे, पुढे चालू न ठेवलेल्या दोघांचे नंबर मागितले. उत्तरादाखल व्हिडिओच्या लिंक आल्या. तिथे थांबलो.

काकांना तीन महिन्यांसाठी बोलावतोय, महिन्याला दोन दिवस. बघायच्या गोष्टी दोनच ठेवल्यात: शिफ्टप्रमाणे रिजेक्शन, आणि इन्क्वायरी आल्यापासून कोटेशन जाईपर्यंतचे दिवस. बिनपाशी पाटी आणि खडू लावलाय. दादाची अट होती की रेटच्या वहीला काकांनी हात लावायचा नाही. काका म्हणाले, वही तुमचीच राहू दे, मला फक्त सायकल टाइम द्या. ऑनलाइन ताईंबरोबर दादा एका तासाला बसायला तयार आहे, पुढचं तो स्वतः ठरवेल.

खतावणीताई, मशीन-तासाचा खर्च काढायला बसलेय. ज्या जुन्या मशीन्सचा घसारा पुस्तकात संपलाय त्यांचा घसारा शून्य धरायचा का?

खतावणी

शून्य धरू नका. शून्य धरलंत तर त्या मशीनवरचं काम फायद्याचं दिसतं आणि ते बंद पडलं की नवीन घ्यायला पैसे नसतात. तसंच मशीन आज घ्यायला किती लागतील ते धरा, ते किती वर्षं चालेल त्याने भागा आणि तो आकडा घसाऱ्याच्या जागी घाला. सेकंडहँड मशीनच घेणार असाल तर किंमत सेकंडहँडची धरा. माझ्याकडे एक शीट आहे, संदेशात पाठवते. विजेचा आकडा मात्र बिलावरून सरसकट वाटू नका. व्हीएमसी आणि जुन्या लेथचा भार सारखा नसतो, प्रत्येक मशीनच्या प्लेटवरचे किलोवॉट आणि चाललेले तास घेऊन वाटणी करा.