‘मिथेनगळती’ हा शब्द सर्वत्र चालेल का?

प्रश्न (वणी तालुका): आमच्या गावच्या वाचनालयातील फलकासाठी मिथेन या पृथ्वी तापवणाऱ्या वायूविषयीच्या जागतिक करारांची माहिती मराठीत लिहीत आहे. तेलविहिरी, वायुवाहिन्या आणि कोळसाखाणी यांतून हवेत जाणाऱ्या वायूला सरसकट ‘मिथेनगळती’ म्हणावे का?

उत्तर: सर, माझ्या मते म्हणू नये. ‘गळणे’ आपोआप घडते. कवेलू फुटले की घर गळते, ते कोणी गळवत नाही. झडप सैल होऊन वायू निसटतो तेथे ‘गळती’ अचूक आहे, परंतु विहिरीवरचा नकोसा वायू जाणूनबुजून हवेत मोकळा केला जातो तेव्हाही ‘गळती’ लिहिले, तर ते करणारा माणूस वाक्यातूनच नाहीसा होतो. तेथे ‘मोकळा सोडणे’ लिहावे आणि पेटवून दिला असेल तर ‘जाळून टाकणे’. ‘उत्सर्जन’ या सर्वांना सामावून घेते.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण युरोपीय संघाच्या २०२४ च्या मिथेन नियमावलीत गळती शोधून दुरुस्त करण्याचे नियम वेगळे आणि वायू सोडण्या-जाळण्याचे वेगळे आहेत. विकणाऱ्या देशातील विहिरीवर सुटलेला वायू घेणाऱ्याच्या चुलीवर कधीच दिसत नाही. म्हणून २०२७ पासून नव्या सौद्यांत आयातदाराने तेल, वायू व कोळसा जिथून आला तेथील मोजमाप, नोंद आणि पडताळणी युरोपच्या तोडीची असल्याचे दाखवावे, अशी तरतूद तिच्यात आहे.

आणखी एक. ग्लासगो येथे २०२१ मध्ये जाहीर झालेला, २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाचे मिथेन-उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचा उपक्रम ‘करार’ नव्हे. तो देशांनी स्वेच्छेने केलेला ‘संकल्प’ आहे आणि भारत त्यात सामील झालेला नाही.

प्रश्नकर्ता: ताई, आभारी आहे. मग आमच्या खाणींसाठी कोणता शब्द घ्यावा? कोळसा फोडताना त्यात कोंडलेला मिथेन बाहेर येतो. तेथे काही फुटलेले नसते आणि कोणी तोटीही उघडलेली नसते.

उत्तर: तेथे ‘सुटणे’ घ्यावे. आमच्या गोबरगॅसचा ड्रम भरून वर आला की कडेच्या शेणकाल्यातून बुडबुडे येऊ लागतात आणि आई म्हणते, “गॅस सुटून राहिला, चूल पेटव.” भूमिगत खाणीत मात्र सुटलेला वायू पंख्यांनी हवेसोबत बाहेर काढावाच लागतो, नाहीतर स्फोटाचा धोका असतो, त्या पुढच्या क्रियेला ‘बाहेर काढणे’ म्हणावे, म्हणजे तो वायू गोळा करता आला असता का, हा प्रश्न वाचकाला विचारता येईल.

प्रश्नकर्ता: फलकावर असे लिहितो: ‘कोळशातून मिथेन सुटतो, वाहिनीतून गळतो, विहिरीवर सोडला किंवा जाळला जातो.’