कथेसाठी पोर्टल सुचवा (बजेट फक्त २०० शब्द)

निवांत_कोपरा
नमस्कार मंडळी. एका स्पर्धेसाठी विज्ञानकथा लिहितेय. शब्दमर्यादा ३००० आणि त्यातले पोर्टल कसं चालतं यावर मी जास्तीत जास्त २०० शब्द घालवू शकते, कारण कथा पोर्टलची नाहीये, आई आणि लेकीची आहे. लेक दुसऱ्या ताऱ्याजवळच्या ग्रहावर कामाला गेलीय, आई इकडे, मधे पोर्टल. ये-जा करता यायला हवी पण सहज नको, काहीतरी अडचण हवी, आणि ती मी उगाच घुसडलीय असं वाटता कामा नये. शिवाय "मग सरळ फोन का नाही करत" असं कोणी विचारलं तर उत्तर पाहिजे. कुठल्या टाइपचं पोर्टल घेऊ? गणित नको प्लीज. मुदत १२ दिवस.

जुनं_खोड
वर्महोल घ्या, डोळे झाकून. म्हणजे दोन लांबच्या जागा जोडणारा अवकाशातला बोगदा. मी तीन कथांमध्ये वापरलंय, एकदाही तक्रार नाही. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ सालीच असा पूल गणितात दाखवलाय त्यामुळे कोणी शंका काढली की तेवढं नाव पुढे करायचं, गप्प बसतात. पण २०० शब्दांत काही होत नाही हो, किमान दीड हजार ठेवा. माझ्या पहिल्या कथेत सुरुवातीची आठ पानं नुसतं पोर्टल आहे.

तिरकी_रेघ
आठ पानं वाचली कोणी? आणि १९३५ चा तो पूल चालतच नाही. १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशसुद्धा पलीकडे पोचत नाही. म्हणजे तुमच्या तिन्ही कथांमधली माणसं मधेच चेंगरली. माणूस जाऊ शकेल असं वर्महोल मॉरिस आणि थॉर्न यांचं, १९८८. आणि त्याची गोष्ट तर अगदी या धाग्यासारखीच आहे, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन कादंबरी लिहीत होते, नायिकेला लांब पाठवायचं होतं, त्यांनी याच किप थॉर्नना विचारलं की असं काही चालेल का, आणि त्यातून पुढे तो पेपर झाला. फक्त बोगद्याचं तोंड उघडं ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते. ती दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये अगदी चिमूटभर मिळते, कॅसिमिर परिणाम, १९४८. चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर, दार सोडा, सुईचं भोकही त्यावर उघडं राहणार नाही.

जुनं_खोड
छापून आल्या तेव्हा कोणी चेंगरलं नाही.

शब्दखेळ्या
वर्महोल काय वर्महोल! कृमिविवर असा चांगला मराठी शब्द आहे की.

पंक्चर
कृमी म्हटलं की मला जंताच्या गोळ्या आठवतात. वाचक गंभीर प्रसंगात हसेल.

शब्दखेळ्या
मूळ शब्दात काय वेगळं आहे मग? किडाच आहे ना? १९५७ मध्ये मिस्नर आणि व्हीलर यांनी वापरला तेव्हा इंग्रजी वाचक हसले नाहीत. आपल्यालाच आपल्या शब्दांची लाज.

उंबरठा
ताई, तुम्ही कुठलंही घ्या पण हवेचा दाब आधी बघा, मी पोळलोय. माझ्या कथेत साधं दोन मीटर बाय एक मीटरचं दार होतं, पलीकडच्या ग्रहावर विरळ हवा, आणि नायक दार उघडून आरामात निरोप घेत उभा. ती कथा संपादकांनी परत पाठवली, समासात एकच ओळ, "वारा कुठे आहे?" मग हिशेब केला. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर साधारण १० टन दाब, म्हणजे त्या दारावर २० टन. पलीकडे निम्म्याहून कमी दाब असेल तर हवा जवळजवळ आवाजाच्या वेगाने सुटते. नायक निरोप घेत नव्हता, तो केव्हाच पलीकडे जाऊन आदळला होता. दुहेरी दाराची खोली ठेवा, आधी हे बंद मग ते उघडं.

अर्धा_तास
दुहेरी दार + १. मला वाटतं हवेच्या दाबाचा विचार करावा, बरेच जण विसरतात.

उंबरठा
तेच लिहिलंय वर.

रात्रपाळी
दाबापेक्षा वेग बघा. दूरचा तारा सोडा, एकाच ग्रहावर विषुववृत्तावरून ध्रुवावर दार उघडलं तरी विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला ४६५ मीटर वेगाने फिरतेय आणि ध्रुवावरची जागेवरच गरगरतेय. पाऊल टाकलं की भिंतीला चिकटलात. बर्नार्डचा तारा तर आपल्याकडे सेकंदाला साधारण ११० किलोमीटरने येतोय. तो फरक कुठेतरी जिरवावा लागतो. वर्महोलमध्ये तोंडच त्या ग्रहाबरोबर फिरत असल्यामुळे निभावतं, पण फुकट नाही, हिशेब तोंडाच्या खात्यावर चढतो. इकडून माणूस आत गेला की इकडचं तोंड तेवढं जड होतं आणि बाहेर पडला की तिकडचं तेवढं हलकं. असेच सगळे एका दिशेने जात राहिले तर भानगड आहे, म्हणून तेवढंच वजन उलट पाठवावं लागेल.

पंक्चर
म्हणजे तारेवर तारे ओलांडायचे आणि दारात तराजू घेऊन बसायचं? रेशन दुकान वाटेल ते. थरार काय उरला?

जुनं_खोड
सहमत, वजनबिजन नको. वाचकाला भव्य वाटलं पाहिजे.

चौथी_मिती
कोणी कालप्रवासाबद्दल बोललंच नाही अजून. एक तोंड यानात घालून प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवून आणलं की दोन तोंडांच्या वेळेत फरक पडतो. म्हणजे पोर्टल हेच टाइम मशीन. आई लेकीला ती जायच्या आधीच भेटू शकते!! मॉरिस, थॉर्न आणि युर्त्सेव्हर, तेही १९८८.

तिरकी_रेघ
आणि १९९२ मध्ये हॉकिंग यांनी मांडलं की निसर्ग असं होऊच देत नसावा. सिद्ध झालेलं नाही, तरी २०० शब्दांत हे उघडू नका. मी उघडलं होतं, कथा ४० पानांची झाली आणि शेवटी नायक स्वतःचाच भाडेकरू निघाला.

चौथी_मिती
ती कथा कुठे वाचायला मिळेल?

तिरकी_रेघ
मिळणार नाही.

साधा_माणूस
मी म्हणतो पोर्टल हवंच कशाला. माणसाची माहिती पाठवा आणि तिकडे नवा बनवा.

रात्रपाळी
माहिती प्रकाशाच्याच वेगाने जाणार. सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षं. म्हणजे आई इकडून निघाली की सव्वाचार वर्षांनी तिकडे. क्वांटम टेलिपोर्टेशन (एका कणाची अवस्था दुसरीकडच्या कणावर उतरवणं) म्हणून जे १९९३ मध्ये मांडलं गेलं त्यालाही सोबत साधा संदेश पाठवावाच लागतो, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

साधा_माणूस
मग यानाने जा.

रात्रपाळी
व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय. त्या वेगाने प्रॉक्झिमाला साधारण ७५ हजार वर्षं. आणि हो, हे पोर्टललाही लागू आहे, दुसरं तोंड कोणीतरी आधी तिकडे नेऊन ठेवलं असणार ना. एक ओळ टाका की ते पणजोबांच्या काळात निघालं होतं, वेगवान यानातून. विषय संपला.

उंबरठा
ही ओळ मात्र घ्या ताई. स्वस्तात काम होतं.

शब्दखेळ्या
कोणी कृमिविवराबद्दल मत देणार आहे का?

गोलघुमट
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. वर्महोल घेत असाल तर त्याचं तोंड चौकटीसारखं किंवा कड्यासारखं दाखवू नका. भोक त्रिमितीत असतं म्हणून ते चेंडूसारखं दिसतं, कुठूनही आत जाता येतं, आणि त्या चेंडूत पलीकडचं आकाश वाकडंतिकडं होऊन दिसतं. दाराची चौकट बघितली की मी कथा मिटून ठेवतो.

निवांत_कोपरा
सगळ्यांचे आभार, खूप शिकले. निर्णय झालाय आणि तो बहुतेकांना आवडणार नाही. मी वजनकाटा घेतेय.

पहिलं, फोनचं. ते मी सोडूनच दिलं. त्या फोन करतात, रोज करतात. प्रकाश पोर्टलमधून जातो, त्याचं वजन काट्याला कळतही नाही. फोनवर सगळं होतं, फक्त भेट होत नाही.

भेटीसाठी तेवढंच वजन उलट यावं लागतं. आई ४७ किलोची. लेक सुट्टीच्या दिवशी तिकडच्या नदीतले गोटे वेचते, पोत्यात भरते, काट्यावर चढवते. तिला दिवसाला पाचच किलो पाठवायची परवानगी आहे, बाकीची पोती खोलीत पलंगाखाली. ४७ भरले की आई येणार. आणि आई फोनवर दर वेळी सांगते की मी रिकाम्या हाताने येणारे गं, पिशवीबिशवी काही नाही. लेक तरी सहा किलो जास्तीचे वेचून ठेवते. पोर्टलवर एकूण १३२ शब्द गेले, मोजले मी.

हवेच्या दाबाला दुहेरी दार, उंबरठा यांच्या कृपेने, अर्धी ओळ. ऋण ऊर्जा कुठून आली ते सांगितलेलंच नाही.

पंक्चर
तराजू म्हणालो तेव्हा मी चेष्टा करत होतो.

रात्रपाळी
पण दिवसाला पाचच किलो आधी पाठवले तर तेवढे दिवस तोंडांचा तोल ढळलेला राहील. एकदमच पाठवा, आई आत शिरते त्याच क्षणी.

निवांत_कोपरा
अरे हो! मग परवानगी काढून टाकते, सगळी पोती पलंगाखालीच. अजून ९ शब्द वाचले.

जुनं_खोड
बघा बुवा. मी असतो तर किमान दीड हजार शब्द दिले असते. आणि ऋण ऊर्जेचं सांगायलाच हवं, परीक्षक विचारतात.

तिरकी_रेघ
तुम्हाला कधी विचारलं?

अर्धा_तास
छान कल्पना. फक्त हवेच्या दाबाचा विचार केलाय ना?

गोलघुमट
तोंड गोल दाखवताय ना?

निवांत_कोपरा
गोल आहे हो. लेकीला त्यात आईचं डोकं उलटं दिसतं.

शब्दखेळ्या
कृमिविवर की वर्महोल, ते तेवढं सांगा.

निवांत_कोपरा
कथेत सगळे त्याला "काटा" म्हणतात.