छोटा लॅपटॉप, ४ जीबी रॅम : वेग वाढवण्यासाठी सल्ला हवा

पाऊलवाट

नमस्कार. माझ्याकडे ११.६ इंची लॅपटॉप आहे. इंटेल सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेली डिस्क), विंडोज ११. वापर मोजकाच : मराठी लेखन, मेल, हिशेबाची स्प्रेडशीट, ब्राउझरमध्ये वाचन आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल.

यंत्र हलकं आहे, आवाज करत नाही, बॅटरीही छान टिकते, त्यामुळे ते बदलायची माझी इच्छा नाही. पण चालू केल्यावर बराच वेळ काही हलत नाही. टॅब बदलला की आधी पांढरा पडदा येतो. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. कुणी म्हणतं रॅम वाढव, कुणी एसएसडी बसव, कुणी क्लीनर चालव, कुणी सरळ लिनक्स टाक. यातल्या कशाने खरंच फरक पडेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

रात्रपाळी

काहीही बदलण्याआधी अडतंय कुठे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचं काम चालू ठेवून त्यात परफॉर्मन्स हा भाग पाहा. लॅपटॉप अडकतो त्या क्षणी सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण टोकाला गेलंय ते टिपून ठेवा.

तिथेच मेमरीवर क्लिक केल्यावर ‘फॉर्म फॅक्टर’ दिसेल. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आहे आणि रॅम वाढवण्याचा विषय बहुतेक तिथेच संपला. ‘एसओडिम’ असेल तर बदलता येण्याची आशा आहे. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ८ जीबी आहे.

निळी शाई

माझा सल्ला विंडोजऐवजी लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, ही लिनक्सचीच हलकी रूपं. रिकाम्या बसलेल्या विंडोज ११ला साधारण २ जीबी रॅम लागते. ही दोन्ही त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत भागवतात. ४ जीबीच्या यंत्रात उरलेला १ जीबीही मोलाचा. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात, मराठी लेखन अडणार नाही.

पाऊलवाट

रात्रपाळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिलं. ब्राउझरचे ८-१० टॅब उघडे असताना मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास. अडकतं तेव्हा डिस्क १००वर जाते, सीपीयू मात्र ४०-५०च. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलंय. सी ड्राइव्हवर जेमतेम ५ जीबी मोकळी. आणि हो, विंडोजच्या डिफेंडरशिवाय लॅपटॉपबरोबर आलेला दुसरा एक अँटिव्हायरसही स्टार्टअपच्या यादीत आहे.

रात्रपाळी

मग चित्र स्पष्ट आहे. प्रोसेसर कमकुवत आहे, पण तुमची अडचण तो नाही. रॅम भरली की विंडोज आधी रॅममधलाच मजकूर दाबून बसवतं आणि तेवढ्यानेही भागलं नाही की काही भाग डिस्कवर लिहून ठेवतं. टॅबवर परत गेलात की तो पुन्हा वाचून आणावा लागतो. तुमचा पांढरा पडदा बहुधा तोच. त्यात ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, दोन्ही एकदम करत नाही. मागे अपडेट उतरत असेल, वर रॅममधलं लिहिणं चालू असेल आणि त्यात तुम्ही एखादी फाइल उघडलीत, तर तिन्ही कामं एकाच रांगेत उभी राहतात. म्हणून सीपीयू निवांत असूनही अक्षर उशिरा उमटतं.

तेव्हा दोनच गोष्टींच्या मागे लागा : रॅम कमी खर्च होऊ देणं आणि डिस्कवर जागा मोकळी करणं.

जागेपासून सुरुवात करा. मोकळे ब्लॉक कमी उरले की फ्लॅश स्टोरेजचं लिहिणं मंदावतं, शिवाय एवढ्याशा जागेत विंडोजचे मोठे अपडेटही अडतात. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने गेलात की जुन्या अपडेटचे अवशेष आणि तात्पुरत्या फाइली काढता येतात. यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर खूण करण्याआधी त्या फोल्डरमध्ये काय आहे ते नक्की बघून घ्या. फोटो, व्हिडिओ आणि जुनी कागदपत्रं मेमरी कार्डवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि त्यांची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा, कारण मेमरी कार्ड न सांगता मरतात. प्रोग्रॅम मात्र कार्डवर टाकू नका, आणखी हळू चालतील. १२-१५ जीबी मोकळी राहिली तर उत्तम.

तो दुसरा अँटिव्हायरस काढून टाका. डिफेंडर आपोआप पुन्हा काम हाती घेतो आणि या वापराला तो पुरेसा आहे. दुसरा प्रोग्रॅमही प्रत्येक फाइल तपासत बसला, तर अशा डिस्कवर ते लगेच जाणवतं. मग टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतून क्लाउड, चॅट, अपडेट करणारे मदतनीस असं रोज न लागणारं सगळं ‘डिसेबल’ करा. ध्वनी, टचपॅड आणि कळफलकाच्या नोंदींना हात लावू नका.

आणि ब्राउझर. एकच ठेवा. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’, एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ चालू करा. फायरफॉक्स मेमरी संपत आली की जुने टॅब स्वतःच उतरवतो. जाहिराती रोखणारं एक एक्स्टेन्शन घाला आणि बाकीची काढा. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण रूपात चालतं, क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्ती आहे. या दर्जाच्या यंत्रावर कुठल्याही एका उपायाने सर्वात मोठा फरक पडत असेल तर तो यानेच, असं माझं ठाम मत आहे. जाहिरातींच्या स्क्रिप्ट रॅमही खातात आणि प्रोसेसरही.

आणखी एक. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही, आतली काही अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. म्हणून अधूनमधून ‘रीस्टार्ट’ करत जा.

ओसरी

व्हिडिओबद्दल थोडं. व्हिडिओ दाबून पाठवण्याचे वेगवेगळे प्रकार असतात. एन४०२०च्या ग्राफिक्समध्ये त्यातले एच.२६४ आणि व्हीपी९ उलगडण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे, एव्ही१ची नाही. साइटने एव्ही१ पाठवलं की सगळा भार दोन कोअरवर येतो आणि चित्र अडखळतं. एव्ही१ रोखणारी एक्स्टेन्शन मिळतात, तेवढं एक जरूर ठेवा. कॉलमध्ये मागची बाजू धूसर करणं बंद करा. चेहरा वेगळा काढायला दर फ्रेमला गणित करावं लागतं आणि या प्रोसेसरला ते झेपत नाही. एचडी व्हिडिओही बंद ठेवा.

आवाज येत नाही म्हणजे तुमच्या लॅपटॉपला फॅन नसावा. मग उष्णता खालच्या पत्र्यातूनच बाहेर पडते. गादीवर किंवा उशीवर ठेवलात की तो तापतो आणि स्वतःचा वेग कमी करून घेतो. टेबल किंवा साधी पाटी चालेल.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जाहिराती रोखणं आणि नको तो अँटिव्हायरस काढणं एवढ्यानेच टाइप करणं सुरळीत झालंय! जागा मोकळी करणं चालू आहे. आता दोन शंका. लिनक्स नुसतं करून पाहता येईल का? आणि एका व्हिडिओत व्हर्च्युअल मेमरी पूर्ण बंद करून रेजिस्ट्री क्लीनर चालवायला सांगितलंय, ते करावं का?

निळी शाई

करून पाहता येतं. पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लाइव्ह’ चालवा, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वेगाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नका, कारण पेन ड्राइव्ह स्वतःच संथ असतो. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा उठणं, एवढं तपासा. ६४ जीबीत दोन्ही प्रणाली शेजारी कोंबू नका. कायमचं टाकायचं ठरलं तर आधी बॅकअप घ्या आणि विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केली असेल तर ती उघडायची रिकव्हरी की लिहून ठेवा. टाकल्यावर झेडरॅम चालू करा. ते रॅमच्याच एका भागात दाबून साठवतं, त्यामुळे ईएमएमसीवरचं लिहिणं कमी होतं. फेडोरा हे लिनक्स २०२० सालच्या ३३व्या आवृत्तीपासून ते मुळातच चालू ठेवतं, बाकी ठिकाणी वेगळं बसवावं लागू शकतं. एक मात्र खरं, ब्राउझर इथेही तेवढीच रॅम मागणार, टॅबची शिस्त सुटत नाही.

रात्रपाळी

दोन्ही करू नका. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम भरली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा. ती बंद केली की ४ जीबीच्या पलीकडे जायला जागाच उरत नाही. आज प्रोग्रॅम हळू होतात, मग ते बंद पडतील आणि न साठवलेलं लेखन जाईल. तिथे ‘सिस्टीम मॅनेज्ड’ असंच राहू द्या. रेजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज ठेवतात ती नोंदवही. तिच्यातल्या जुन्या नोंदींनी वेग कमी होत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र एखादा प्रोग्रॅम उघडेनासा होतो. जागा मोकळी झाली की तेच टॅब उघडून डिस्कचा आकडा पुन्हा बघा आणि इथे लिहा. तरीही १००वर अडकत असेल, तर त्या वेळी कोणती प्रक्रिया वर आहे त्याचं नाव द्या, पुढचं त्यावरून ठरवू.