जमीन दिली म्हणजे मालकी दिली असं नव्हतं

बऱ्याच जणांना वाटतं की जुन्या काळी इंग्लंडच्या राजाने सरदाराला जमीन दिली की ती त्याचीच झाली, तर तसं नाहीये. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकून राजा झालेल्या विल्यमने सगळी जमीन शेवटी राजाचीच असं धरलं आणि सरदार ती फक्त धारण करायचा, बदल्यात ठरलेले घोडेस्वार पुरवायचे. आधी सरदाराने जमीन देणाऱ्या धन्यापुढे गुडघे टेकून, आपले जोडलेले हात त्याच्या हातात देऊन 'मी तुमचा माणूस' असं म्हणायचं, आणि ताबा देताना जागेवर जाऊन खरंच मातीचं ढेकूळ नाहीतर झाडाची फांदी हातात ठेवायचे, मला हे फार आवडतं, कागदापेक्षा माती मोठी!

पण खरी मेख बाप गेल्यावर कळायची. वारसाला नजराण्यासारखी रक्कम भरल्याशिवाय जमीन मिळायची नाही, राजे ती मनाला येईल तशी वाढवायचे म्हणून १२१५ च्या मॅग्ना कार्टात (राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी सनद) बॅरनसाठी, म्हणजे बड्या सरदारासाठी, १०० पौंड अशी मर्यादा घालावी लागली. आणि वारस लहान असला तर तो २१ चा होईपर्यंत उत्पन्न धनी खाणार, वर त्या पोराचं लग्न लावायचा हक्कसुद्धा चक्क विकला जायचा, पोरक्या लेकराचा असा बाजार वाचून पोटात तुटतं. हे कायद्याने बंद झालं थेट १६६० मध्ये.