मदत हवी आहे: मळीच्या टाकीसाठी स्वस्तातलं रडार, बोर्ड कशाचा घ्यावा?

मंडळी, साखर कारखान्यातल्या मळीच्या टाकीची लेव्हल मोजायला छोटं रडार करतोय. सध्या माणूस शिडीने वर चढून टेप सोडतो. वाफ आणि फेसात अल्ट्रासोनिक गडबडतं. 80 गिगाहर्ट्झची तयार यंत्रं उत्तम आहेत, पण किंमत ऐकली की चीफ इंजिनिअर विषय बदलतात.

77 गिगाहर्ट्झच्या चिपचं अडत नाही, सीमॉसमध्ये (साध्या सिलिकॉन चिपच्या तंत्रात) अख्खं रडार मिळतं. अडतंय ते बोर्डापाशी. एफआर-फोर म्हणजे नेहमीचा ग्लास-इपॉक्सी बोर्ड. त्याचा लॉस टँजंट (मटेरियल किती सिग्नल खातं त्याचा आकडा) 0.02 धरला तर 77 गिगाहर्ट्झला नुसत्या सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मटेरियलमध्ये, सेंटीमीटरला पावणेतीन डेसिबलच्या आसपास जातात. अँटेनापर्यंत दोन सेंटीमीटरचा ट्रॅक असला की जवळजवळ पाऊण पॉवर तिथेच संपली! रॉजर्स 3003 या हाय-फ्रिक्वेन्सी बोर्डाचा लॉस टँजंट मात्र 0.001. म्हणून फक्त वरचा थर रॉजर्सचा आणि खाली एफआर-फोर, असं योजलं होतं. पण पॅच, म्हणजे बोर्डावरचा अँटेनाचा तांब्याचा चौकोन, जेमतेम 1.1 मिमीचा. एचिंगमध्ये 25 मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट चालतो ती) पावणेदोन गिगाहर्ट्झ सरकतो, आणि आमच्याकडचे पीसीबीवाले तेवढी हमी द्यायला तयार नाहीत.

दुसरा पर्याय 60 गिगाहर्ट्झची आयडब्ल्यूआर6843एओपी ही रडार चिप. अँटेना पॅकेजवरच, त्यामुळे बोर्ड साधा चालतो. पण बीम पसरट, टाकीतल्या शिडीचे आणि पाइपांचे एको येणार. पुढे लेथवर कातलेली एचडीपीई प्लास्टिकची लेन्स लावायचा विचार आहे. 40 मिमी व्यासाला बीम साधारण 9 अंशांवर येईल. माझी शंका अशी, की लेन्सला फोकस एक आणि पॅकेजवर तीन ट्रान्समिट, चार रिसीव्ह अँटेना. एक ट्रान्समिट आणि एक रिसीव्ह अशी एकच जोडी चालू ठेवली तरी दोन्ही बीम वेगवेगळ्या बाजूंना कलणार ना? कुणी करून पाहिलंय का?

प्रतिसाद: कलणारच, पण जमण्यासारखं आहे. फोकल लांबी 40 मिमी आणि अँटेना अक्षापासून अडीच मिमी बाजूला असेल तर साडेतीन अंशांचा कल येतो. जवळजवळची जोडी निवडा आणि दोघींचा मध्य अक्षावर आणा, 9 अंशांत खपून जाईल. लेन्सची फुगीर बाजू टाकीकडे ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी टोकाशी येऊन गळतं.

रॉजर्सच्या वाटेला गेलातच तर ट्रॅकवर निकेल-सोन्याचं फिनिश नको. निकेलमध्ये लॉस वाढतो, इमर्शन सिल्व्हर (चांदीचा पातळ थर) मागा. टाकीची उंची आणि फेसाची जाडी लिहा, मग पुढचं बोलू. फेस दाट असेल तर 80 वालंही हात टेकतं.