फ्रांकेतिएन : लोकांच्या भाषेत, पण लोकांना न कळणारं?

टिपकागद
हैतीचे लेखक-चित्रकार फ्रांकेतिएन फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले, तेव्हापासून त्यांच्या 'स्पिरालिझम'चं कौतुक ऐकतोय. फिलोक्तेत आणि फिन्योले या लेखकांसोबत त्यांनी साठच्या दशकात काढलेला हा साहित्यपंथ: कथानक सरळ न जाता वावटळीसारखं फिरणार, शब्द वाटेत मोडणार. 'देझाफी' (१९७५) ही त्यांची कादंबरी क्रेओलमधली, म्हणजे हैतीच्या लोकभाषेतली, पहिली आधुनिक कादंबरी मानतात. मी इंग्रजी भाषांतर दोनदा हाती घेतलं, दोनदा ठेवलं. तेव्हा बहुसंख्य हैतीकरांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या भाषेत असं दुर्बोध लिहून कोणाचं भलं झालं?

खडीसाखर
साफ असहमत. 'देझाफी'ची गोष्ट तर आजीनेही सांगावी अशी आहे. सेंतिल हा मांत्रिक माणसांना झोंबी करून शेतात राबवतो. त्याची मुलगी सिल्ताना एका झोंबीवर जीव जडून त्याला मीठ चाखवते, तो भानावर येतो आणि मग सगळेच उठतात. हुकूमशहा द्युवालिएच्या राज्यात हे सरळसोट लिहून बघा!

टिपकागद
राजवट १९८६ मध्ये कोसळली. १९९३ मध्ये 'लुआझो स्किझोफोन' हे त्यांचं फ्रेंच पुस्तक आलं, ते 'देझाफी'हून अवघड. तेव्हा कोणाची भीती होती?

पागोळी
तुम्ही दोघं नाटक विसरलात. 'पेलें-तेत' (१९७८): न्यूयॉर्कच्या तळघरात दोन हैतीयन, एक मजूर, एक शिकलेला, क्रेओलमध्ये भांडतात. त्याला अक्षरओळख लागत नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं.

टिपकागद
ते पोलिश नाटककार म्रोझेकच्या नाटकावर बेतलेलं आहे. दोन माणसं, एक खोली, सरळ संवाद. म्हणजे लोकांपर्यंत पोचायला वावटळ बाजूला ठेवावी लागली. आभारी आहे, पागोळी :)

खडीसाखर
हा टोला बसला, कबूल. पण फ्रांकेतिएन शाळेत गेला तेव्हा त्याला फ्रेंच येत नव्हतं. अशा पोराने मोठेपणी फ्रेंचचीच मोडतोड करून नवे शब्द पाडले, तर मला तो नखरा वाटत नाही. शिवाय 'देझाफी' १९७९ मध्ये फ्रेंचमध्ये आणताना त्यांनी भाषांतर केलं नाही, वेगळ्या नावाने पुन्हा लिहिली. मनात वाचू नका, मोठ्याने वाचा.

टिपकागद
बरं, तिसऱ्यांदा उघडतो. मोठ्याने. घरचे काय म्हणतील ते कळवतो.