स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन? तुमचे अनुभव सांगा

मंडळी, इंग्रजीत ऑनलाइन काही लिहायला बसलं की ‘कलर’मधला यू ब्रिटिशांसारखा ठेवायचा की अमेरिकनांसारखा उडवायचा, इथूनच अडतं. शिकलेलं एक असतं, ऑटोकरेक्ट सुचवतं दुसरंच. नियम सगळ्यांना ठाऊक आहेत; तुम्ही प्रत्यक्षात काय करता, ते लिहा.

निळीशाई
मी प्रूफं तपासते. लेखात ‘सेंटर’च्या शेवटी ब्रिटिश आरई असतं आणि दोनच ओळींखाली ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये अमेरिकन पद्धतीने एकच एल. अशी खिचडी रोजचीच. ‘अमेरिकन म्हणजे आखूड’ हा ठोकताळाही फसवा आहे: ‘फुलफिल’च्या शेवटी अमेरिकन लोक दोन एल लिहितात, ब्रिटिश एक.

खरी भांडणं झेडवरून. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड दिसला रे दिसला की लोक ‘अमेरिकन!’ म्हणून ओरडतात. अहो, ऑक्सफर्डचा कोश स्वतःच तिथे झेड घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावात झेडच आहे, बाकी मजकूर मात्र ब्रिटिश वळणाचा. आणि तोच ऑक्सफर्ड ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये एस ठेवतो! एका ग्राहकाने ‘सगळीकडे झेड करून टाका’ असं फर्मान सोडलं आणि स्वतःच फाइंड-रिप्लेस मारून फाइल पाठवली. त्यात ‘सरप्राइज’, ‘अ‍ॅडव्हर्टाइज’, ‘एक्सरसाइज’ सगळ्यांना झेड चिकटलेला. या शब्दांत दोन्हीकडे एसच लागतो. एकेक शोधून पूर्ववत केला, आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

अर्धविराम
आम्हा प्रोग्रामरना कोण विचारतंय! सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘कलर’ यूशिवायच. यू घातलात तर ब्राउझर ती ओळ मुकाट सोडून देतो, पानावर कसलीही तक्रार दिसत नाही. करडा रंग मात्र ए घालून लिहा नाहीतर ई, दोन्ही चालतात. सगळ्यात भारी म्हणजे एचटीटीपीमधला (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्यातला) ‘रेफरर’, म्हणजे आधीच्या पानाचा पत्ता सांगणारी नोंद. एक आर गळालेलं स्पेलिंग १९९६च्या ‘आरएफसी १९४५’ या तांत्रिक दस्तऐवजात तसंच छापलं गेलं आणि आजही तेच चालू आहे. ना ब्रिटिश, ना अमेरिकन! मी व्हेरिएबलची नावं अमेरिकन ठेवतो, कॉमेंट्स ब्रिटिश लिहितो. सहकाऱ्याला खटकतं. खटकू दे.

परीक्षानळी
रसायनशास्त्रावर लिहिते. आयुपॅकने (रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९९० साली ‘सल्फर’ला पीएचऐवजी एफ दिला, म्हणजे अमेरिकन बाजू घेतली. ‘अ‍ॅल्युमिनिअम’मध्ये मात्र शेवटचा जादा आय ठेवला, म्हणजे ब्रिटिश. त्यामुळे माझ्या एकाच परिच्छेदात दोन्ही नांदतात. ‘एकच काहीतरी ठरवा’ असे शेरे येतात. त्यांना आयुपॅकचा दाखला देते आणि पुढच्या कामाला लागते.

तळटीप
यू उडवण्याचं खापर अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरवर फुटतं. त्याच्या १८२८च्या कोशाने ती स्पेलिंगं अमेरिकेत रुजली, हे खरं. पण ‘टंग’ (जीभ) हे टी-यू-एन-जी असं लिहावं, अशीही त्याची इच्छा होती. ते त्याच्याच देशाने मनावर घेतलं नाही. ह्रस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्याला हे नवीन नाही म्हणा. माझ्यापुरतं सांगायचं तर यू ठेवतो, सवयीने. विशेषनामांना मात्र हात लावत नाही: पर्ल हार्बर यूशिवायच, आणि ऑस्ट्रेलियाचा लेबर पक्षही यूशिवाय, तो देश एरवी ‘लेबर’ यू घालून लिहित असला तरी.

वाटसरू
विकिपीडियावर लेखाची आधीची धाटणी उगाच बदलायची नाही, आणि विषयाचं एखाद्या देशाशी घट्ट नातं असेल तर त्या देशाची वापरायची, असा दंडक आहे. बहुतेक वेळा त्यावर भागतं. पंचाईत होते कॅनडाच्या विषयांवर. तिथे ‘कलर’ यूसकट, ‘ऑर्गनाइझ’ झेडने, आणि गाडीचा ‘टायर’ अमेरिकनांसारखा आय घालून. मग एकजण येऊन यू काढतो, दुसरा येऊन झेडचा एस करतो, आणि दोघांनाही वाटतं आपण लेख सुधारला.